न नांगरलेली जमीन सुधारते आहे का, हे कसे तपासावे

सरदीचे, म्हणजे पावसाळी भात कापल्यावर दोन वर्षे न नांगरता अळसांदे (चवळी) पेरताय आणि जमीन खरेच सुधारली का, असे विचारलेत. आधी हे सांगा, पावसात त्याच कुणग्यात (भातखाचरात) पॉवर टिलरने चिखलणी होते का? होत असेल तर ही शून्य मशागत नव्हे, एका हंगामाची उसंत आहे. चिखलणीत मातीची कणरचना मोडते आणि खाली कडक थर बसतो. भाताला तो पाणी धरायला हवाच असतो, अळसांद्याची मुळे मात्र त्यावर अडतात. फुलोऱ्यात दोन-चार रोपे 30 सेंमी खोल खणून मुळासकट काढा. सोटमूळ 12-15 सेंमीवर आडवे वळलेले दिसले, तर थर अजून फुटलेला नाही.

मग आच्छादन मोजा. 15 मीटर दोरीला दर 15 सेंमीवर गाठ मारा, म्हणजे 100 गाठी होतील. पेरणीनंतर दोरी ओळींना तिरकी ताणून ज्या गाठीखाली पेंढा किंवा धसकट आहे तेवढ्याच मोजा, तीच टक्केवारी. पाच जागांची सरासरी 30 च्या खाली आली तर संवर्धित शेतीचा (कमी मशागत आणि जमीन झाकलेली ठेवण्याच्या पद्धतीचा) निकष पुरा होत नाही. आपल्याकडे गाडे बहुतेक इथेच अडते, कारण पेंढा गोठ्यात जातो आणि कापणीनंतर मोकाट गुरे उरलेसुरले खातात, वर ओली जमीन तुडवतात. उघडी न नांगरलेली जमीन मग पापडी धरते, पाणी वरून वाहून जाते.

मुरण्याचा वेग पाहायला 15 सेंमी व्यासाची पत्र्याची कडी अर्धी जमिनीत ठोका, 450 मिली पाणी ओता. ते जिरले की पुन्हा तेवढेच ओता आणि ते जिरायला लागलेला वेळ नोंदवा. शेजारच्या, त्याच मातीच्या नांगरलेल्या कुणग्यात त्याच दिवशी हेच करा. तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही.

ढेकूळ पाण्यात टाकून विरघळते का पाहण्याच्या चाचणीवर जांभ्या मातीत विसंबू नका. लोहाच्या ऑक्साइडांमुळे सेंद्रिय कर्ब कमी असतानाही ती माती टिकून राहते आणि निकाल फसवा चांगला येतो.

तपासणीला 0-5 आणि 5-15 सेंमीचे नमुने वेगवेगळे द्या. न नांगरता कर्ब वरच्या पट्ट्यात साठतो, एकत्र नमुन्यात तो दिसत नाही. चुन्याचेही तेच: वर टाकलेला चुना खाली फार सावकाश उतरतो, म्हणून वरचा सामू (pH) सुधारलेला आणि मुळांजवळची माती आम्लच, असे होते.

मोरडावर (उंचावरच्या पावसावरील जमिनीवर) उतार असेल तर 60 सेंमीच्या लोखंडी सळ्या 10 सेंमी वर ठेवून मे महिन्यात रोवा आणि ऑक्टोबरात उघडा भाग मोजा. सरासरी 1 मिमी माती गेली तरी हेक्टरी सुमारे 13 टन होते. सळीभोवती गुरांची वाट पडू देऊ नका, तुडवलेली माती दबली की वाहून गेल्यासारखी मोजली जाते.