न्यायाधीशांनी पावती का पाहिली नाही?

प्रश्न : सर, मी अमळनेरची. जळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका वकिलांकडे काम शिकते. रावेरकडच्या शेतजमिनीच्या दाव्यात आम्ही प्रतिवादीतर्फे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ चा, म्हणजे वादीचं वादपत्र (दाव्याचा मूळ लेखी अर्ज) सुरुवातीलाच नामंजूर करा असा, अर्ज दिला. खरेदीचे पैसे चुकते केल्याची पावतीही जोडली. न्यायाधीशांनी ती विचारात न घेताच अर्ज नामंजूर केला. पुरावा समोर असून कोर्ट बघत नसेल तर या पेशात राहू का?

उत्तर : जरूर राहा. पावती बाजूला ठेवली ती नियमानेच.

या अर्जावर कोर्ट वादपत्र वाचतं आणि वादीने त्यासोबत दिलेले कागद बघतं. तो मजकूर खरा धरूनही दाव्यास कारण घडलेलं दिसत नसेल, किंवा त्यावरूनच दावा कायद्याने बाद ठरत असेल, तर वादपत्र नामंजूर होतं. (कोर्ट फीसारखी आणखी कारणं आहेत, ती नियमात वाच.) प्रतिवादीची कैफियत (त्याचं लेखी उत्तर) आणि त्याचे कागद इथे गैरलागू, हे सर्वोच्च न्यायालयाने सलीमभाई प्रकरणात स्पष्ट केलंय. नाहीतर साक्षीपुराव्याआधीच दाव्याचा निकाल लागेल. तुमची पावती वाया गेलेली नाही. पुराव्यात शाबीत झाली की तिला निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, पडेल.

आता सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा दहीबेन निकाल मुळातून वाच. सुरतेकडची शेतजमीन, २००९ चं खरेदीखत आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून २०१४ मध्ये दावा. तिथे वादपत्र गेलं ते वादीच्याच मजकुरामुळे आणि कागदांमुळे: खरेदीखत रद्द करून मागण्याची तीन वर्षांची मुदत त्यांवरूनच संपलेली दिसत होती. असा अर्ज लिहिताना आपला कागद मिटून समोरच्याचं वादपत्र तारीख न् तारीख लावून वाचावं लागतं. ही नजर मला नव्या वकिलांत फार कमी दिसते, आणि तुझ्यात ती यावी असं मनापासून वाटतं.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तरी कोर्ट सोडू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे.

तुला अहिराणी येत असेलच. पक्षकार हकिगत मधूनच सुरू करतो, खरेदीखताआधी भाऊबंदकी सांगतो. ते ऐकून तारखा लावून वादपत्र उभं करायला शीक. तुझ्या वकिलांकडून निकाली दाव्यांच्या फायली माग, फक्त वादपत्र वाच, आणि कैफियत उघडण्याआधी स्वतःचं मत वहीत लिही.