वाचकांचे प्रश्न : कांदा दुबईला जातो, मग अरबी शिकू का?

प्रश्न : मी नाशिकला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. घरचा कांदा व्यापाऱ्यामार्फत दुबईला जातो, म्हणून त्या भागाचे कुतूहल. पश्चिम आशियाचा अभ्यास एम.ए.ला करायचा तर अर्थशास्त्र सोडावे लागेल का? अरबी लागतेच का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : अर्थशास्त्र मुळीच सोडू नका. अशा अभ्यासाला एरिया स्टडीज म्हणतात. त्यात एकाच भूभागाकडे इतिहास, राजकारण, अर्थकारण, समाज आणि भाषा अशा सगळ्या अंगांनी पाहतात. पण ज्याचा एकही विषय पक्का नसतो, त्याला सगळ्यातले थोडेथोडे येते आणि प्रबंधिका लिहायची वेळ आली की तो अडतो.

तुमचा कांदाच घ्या. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी होती, तरी मधल्या काळात संयुक्त अरब अमिरातीसह (दुबई त्यातलीच) काही देशांसाठी ठरावीक कोटा मोकळा केला गेला. लासलगावचे भाव अर्थशास्त्र सांगेल. कोटा त्याच देशांना का, हे परराष्ट्र धोरणात शोधावे लागेल. दुबईहून माल पुढे कुठे जातो, हे बंदराच्या इतिहासात. ‘आखातातील राजकारण’ असा ऐसपैस विषय घेण्यापेक्षा असा एक धागा धरलेला बरा.

आता अरबी. दुबईच्या बाजारात हिंदीवर भागते, मल्याळमवरही. पण तिथले राजपत्र आणि बरीच वृत्तपत्रे अरबीत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी अरबीला सुमारे २२०० तास धरते, फारसीला ११००. म्हणजे एम.ए.च्या चार सत्रांत अरबी पुरी होत नाही. आजच सुरुवात करा. अक्षरे २८, पण शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलते आणि ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. नवखे हमखास अडतात ते शब्दकोशात : ‘मकतब’ (कार्यालय) म मध्ये शोधतात, तो मिळतो क-त-ब या मूळ धातूखाली. शिवाय वर्गात शिकवतात ती फुसहा, म्हणजे लेखी अरबी. रस्त्यावरची बोली वेगळी. इराणकडे ओढा असेल तर फारसी घ्या. तिच्यात लिंगभेद नाही, क्रियापद मराठीसारखे शेवटी येते, आणि बाजार, शहर, जमीन हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच.

प्रवेशाचे थोडक्यात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयू) पश्चिम आशियाचे स्वतंत्र केंद्र आहे, जेएनयूत एम.ए.साठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अलीकडे अर्ज डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात, परीक्षा मार्चमध्ये असते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेचा विभाग आहे. नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम उघडा : भाषेला श्रेयांक (क्रेडिट) आहेत का, किती सत्रे आहेत, शिकवणारे एकाच विषयाचे आहेत की वेगवेगळ्या?

ग्रंथालयात ‘पश्चिम आशिया’ शोधून थांबू नका, ‘मध्यपूर्व’ही टाका. ते नाव युरोपातून पाहणाऱ्यांचे, निफाडहून तो भाग सरळ पश्चिमेलाच. पण निम्मी पुस्तके त्याच नावाखाली लावलेली असतात.