शिखर दिसणार नाही त्या दिवसासाठी

प्रिय मित्रा,

तुझा निरोप वाचला. उत्तराखंडातल्या गढवालमधल्या सारी गावात चार रात्रींचं बुकिंग, जानेवारीचा दुसरा आठवडा, आणि अंदाजात चारही दिवस ढग. तारीख पुढे ढकलू का, असं विचारतोयस. ढकलू नकोस. फक्त आपण चौखंब्याचा फोटो काढायला चाललोय, हे डोक्यातून काढून टाक. ७,१३८ मीटरचा तो डोंगर ढगामागे गेला की गेला. त्याची वाट बघत देवरिया तालाच्या (सारीच्या वरच्या तळ्याच्या) काठावर दिवसभर बसलास तर बोटं गारठतील आणि कार्डावर पांढऱ्या आभाळाचे शंभर फोटो येतील.

मळभात नेमकं काय बदलतं ते आधी बघ. सगळं आभाळच एक अवाढव्य पांढरा दिवा होतं. उजेड सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या नाहीशा होतात. उन्हात डोंगराची घडी न घडी दिसते ती सावलीमुळे. मळभात तोच डोंगर पुठ्ठ्यासारखा सपाट होतो. मग आकार दाखवायला दोनच गोष्टी हाताशी उरतात: गडद-फिक्यातला फरक आणि अंतर. समोरचं झाड काळं, पन्नास मीटरवरचं करडं, दोनशे मीटरवरचं असून नसल्यासारखं. म्हणून फ्रेम लावण्याआधी 'इथे सर्वांत गडद काय आहे?' हे शोधायचं. ते सापडलं नाही तर कॅमेरा बाहेर काढूच नकोस, पुढे चाल.

सारीपासून ताल जेमतेम अडीच-तीन किलोमीटर चढावर आहे आणि वाटेवरची झाडं म्हणजे मुख्यतः बांज (ओक) नि बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन). दोन्ही सदाहरित, त्यामुळे हिवाळ्यातही पानं गडद असतात. एखादं बांजाचं खोड जवळ जाऊन नीट बघ. ओलं झालं की साल जवळजवळ काळी दिसते. वाऱ्याच्या बाजूने बर्फाची एक उभी पट्टी चिकटलेली असते, दुसऱ्या बाजूला शेवाळ, आणि फांद्यांवरून आपल्या दगडफुलाच्या जातकुळीतली राखाडी-हिरवी दाढी लोंबत असते. एवढ्या एका खोडात काळा, पांढरा आणि हिरवा तिन्ही आले. मागे धुकं असलं की पार्श्वभूमी आपोआप स्वच्छ होते. ऊन पडलं असतं तर याच जंगलात कवडशांचा नुसता गोंधळ झाला असता.

आता आभाळ. मळभाच्या आभाळात तपशील नसतो, पण ते फ्रेममधलं सर्वांत उजळ असतं, म्हणून बघणाऱ्याचा डोळा थेट तिकडेच जातो. ते कापून टाक, किंवा वर पातळ पट्टी ठेव. त्यामुळे या चार दिवसांत तुझं खरं काम ७०-२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स करणार आहे. वाइड लेन्स लावली की आभाळ बोलावल्यासारखं आत येतं. १६-३५ ची वाइड पहिल्या दिवशी खोलीवरच राहू दे.

फिल्टरचं म्हणशील तर ढगाळ दिवशी पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) काही उपयोगाचा नाही, असं तुला कुणीतरी सांगेल. आभाळापुरतं ते बरोबर आहे. पण ओल्या पानांवर आणि खडकांवर जी पांढरट चकाकी येते, ती त्यानेच जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) त्यात जातात, तेवढं धरून चाल. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली स्वच्छ असतो तो) जंगलात लावू नकोस, झाडांचे शेंडे काळे पडतात. तालाच्या काठी मात्र दोन स्टॉपचा सॉफ्ट चालेल.

एक्स्पोजरवर जरा थांबू, कारण बहुतेकांची माती इथेच होते. समोर जे काही आहे ते सरासरी मधल्या करड्या छटेचं, असं धरून कॅमेऱ्याचं मीटर चालतं. त्याला बर्फ दाखवलास की तो त्यालाही करडं करून ठेवतो. म्हणून हिवाळ्यातले इतके फोटो मळक्या धोतरासारखे दिसतात. अर्धी फ्रेम बर्फाची असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या अंदाजात आपण करतो ती वाढ-घट, स्टॉपमध्ये) +१ पासून सुरू कर. जवळजवळ सगळी फ्रेम पांढरी असेल तर +१.३ ते +१.७. गडद झाडंच जास्त असतील तर ० किंवा +०.३ पुरे.

हे आकडे पाठ करून उपयोग नाही, हाताला सवय हवी, आणि ती घरीच होते. गच्चीवर दोरीवर पांढरी सुती चादर टाक, मुद्दाम चुण्या पाडून. शेजारी काळी छत्री उघडून ठेव. ढग नसतील तर इमारतीच्या सावलीतली बाजू घे. मग ०, +०.७, +१.३ आणि +२ असे चार फोटो काढ. फोटो १०० टक्के मोठा करून चादरीची वीण बघ. कुठल्या आकड्याला धागे दिसायचे बंद होतात, आणि कुठल्या आकड्याला छत्रीच्या काड्या काळ्यात बुडतात? तुझ्या कॅमेऱ्याची मर्यादा त्या दोन टोकांच्या मध्ये आहे. चादरीवर जिथे वीण दिसते, तिथे डोंगरात बर्फाचे कण असतात, एवढाच फरक.

हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद ते उजळ छटांचा आलेख) मळभात अरुंद टेकाडासारखा येतो. घाबरू नकोस, देखावाच तसा असतो. ते टेकाड उजवीकडे सरकव, पण उजव्या भिंतीला टेकू देऊ नकोस. मागच्या स्क्रीनवर विसंबू नकोस: अंधाऱ्या जंगलात तो फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो, उघड्या बर्फावर काळपट. स्क्रीनचा ब्राइटनेस 'ऑटो'वरून काढून मधल्या पायरीवर पक्का कर. व्हाइट बॅलन्सही (पांढरा किती निळसर-पिवळसर दिसावा ते सेटिंग) ६,५०० केल्विनला बांधून टाक. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) तो नंतर बदलता येतो, हे खरं. पण ऑटोवर ठेवलास तर दर फ्रेमला बर्फाचा रंग वेगळा येतो आणि घरी आल्यावर खरा कुठला हेच आठवत नाही.

बर्फ पडत असताना शटर तूच ठरवायचास. १/५०० सेकंदाला हिमकण टिंबांसारखे गोठतात, आणि लेन्सवर धूळ बसल्यासारखे दिसतात. १/६० ते १/१२५ ला छोट्या रेघा येतात. १०० मिमीच्या आसपास मला त्याच सर्वांत जिवंत वाटतात. १/१५ ला लांब दोरे. अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेलास की पडता बर्फ दिसेनासाच होतो, नुसता धुरकटपणा उरतो. आणि हे सगळं दिसायला मागे काहीतरी गडद हवं. पांढऱ्या आभाळापुढे पांढरा बर्फ दिसत नाही. उजेडाचा अंदाज असा: दाट मळभात उघड्यावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ ला (लेन्सच्या छिद्राचं माप) साधारण १/६० मिळतं, दाट बांजात १/८ वर येतं. तिथे १/६० हवं असेल तर आयएसओ ८०० कर, कुरकुर करू नकोस. एकाच फ्रेमचे वीस-पंचवीस फोटो काढ, कारण लेन्सच्या अगदी पुढ्यातून गेलेला एखादा कण नेमका खोडावर पांढरा गोळा बनून बसतो.

धुक्यात आणि पडत्या बर्फात ऑटोफोकस मागे-पुढे करत बसतो, त्याला पकडायला कडच मिळत नाही. मॅन्युअलवर जा. लाइव्ह व्ह्यू मोठा करून मुख्य खोडाच्या कडेवर फोकस लाव आणि रिंगवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा मार, कारण हातमोज्यांना रिंग कधी फिरली ते कळत नाही. जवळचा दगड आणि मागचं जंगल दोन्ही हवं असेल तर फुल फ्रेमवर २४ मिमी, एफ/११ आणि फोकस सुमारे १.८ मीटरवर, साधारण ९० सेंटीमीटरपासून पुढे सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं.

ट्रायपॉडबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. खोल बर्फात पाय पूर्ण फाकवून वरून दाबलास तर ते आणखी बाहेर ढकलले जातात आणि सांध्याशी मोडतात. पाय थोडे मिटलेले ठेवून आत खुपस, म्हणजे खाली जाताना तेच हवे तेवढे उघडतात. रात्री खोलीत सगळे भाग उघडून वाळव. आतलं पाणी सकाळी गोठलं तर पाय बाहेर येणार नाहीत. आणि बर्फात पाऊल टाकण्याआधी फ्रेम ठरव. कोरा उतार एकदा तुडवला की पुढच्या बर्फापर्यंत तो गेलाच.

थंडीपेक्षा कॅमेऱ्याला ऊब जास्त नडते. बाहेरून गारठलेला कॅमेरा शेगडीच्या खोलीत आणलास की फ्रिजमधल्या बाटलीसारखं त्याला पाणी सुटतं, लेन्सच्या आतल्या काचांवरसुद्धा. दाराबाहेरच बॅटरी आणि कार्ड काढून घे, कॅमेरा झिपलॉकच्या पिशवीत घाल, हवा दाबून काढ, पिशवी बंद कर, मगच आत ये. तो खोलीइतका कोमट होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन तास, पिशवी उघडायची नाही. पाणी मग पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं. बॅटऱ्या तीन हव्यात, दोन कायम आतल्या खिशात अंगाला लागून. थंडीने 'संपलेली' बॅटरी खिशात गरम झाली की पुन्हा थोडी चालते, लगेच रद्द समजू नकोस. लेन्सवरचा बर्फ तोंडाने फुंकू नकोस, वाफ काचेवर गोठते. रंगाच्या दुकानातला एक इंची मऊ ब्रश घे. दर आठ-दहा फोटोंनंतर काच तपास.

मळभ फाटतं ती वेळ वेगळी. हिवाळ्यात गढवालला बर्फ आणतो तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली. तो साधारण एक-दोन दिवस राहून पुढे सरकतो आणि मागे कोरडी, थंड हवा येते. सरकतानाचे ते काही तास सोन्याचे, आणि त्यांसाठी आधीच जागेवर असावं लागतं. ढग फाटलेले खोलीतून बघून धावलास तर उशीर झालेला असतो. तालाच्या काठी चौखंबा ईशान्येला आहे, म्हणजे मावळतीचा उजेड त्याच्यावर पडतो. फ्रेम लावून ठेव. ढगाच्या फटीतून उन्हाचा डाग बर्फावर आला की तुझं +१.३ तो भाग जाळून टाकेल. लगेच ० किंवा +०.३ वर ये. डाग मिनिटभरही टिकत नाही, म्हणून हे बटण न बघता फिरवता आलं पाहिजे.

जानेवारीत तिथे सूर्य सातनंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. मळभात जंगल चारलाच अंधारतं. मावळतीसाठी तालावर थांबणार असशील तर हेडलॅम्प आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत हवा, नाहीतर तीनला परत फिर. जोरात बर्फ झाला तर दुगलबिट्ट्याच्या पुढे चोपत्याचा (तुंगनाथची चढण जिथून सुरू होते त्या ठिकाणाचा) रस्ता बंद होतो, मग पायी. तुंगनाथचं शिवमंदिर ३,६८० मीटरवर आहे. हिवाळ्यात मंदिर बंद असतं आणि देव खाली मक्कूमठात असतो. फरसबंदीवर बर्फाचा काचेसारखा थर होतो, मायक्रोस्पाइक्सशिवाय (बुटांवर चढवायच्या खिळ्यांशिवाय) जाऊ नकोस. ताज्या बर्फानंतर उघडे उतार टाळ. गावातली माणसं नको म्हणाली तर नको. ढगात तुंगनाथच्या वरचं चंद्रशिला शिखर चढण्यात फोटोच्या दृष्टीने काहीच हाती लागत नाही, वर वाट चुकायची भीती.

घरी आल्यावर संगणकावर 'डीहेझ' (धुरकटपणा कमी करणारी पट्टी) ओढण्याचा मोह होईल. +१० च्या वर गेलास की ज्या धुक्यासाठी एवढा गेलास तेच पुसलं जातं, आणि करड्या आभाळात पट्टे उमटतात. बर्फातला निळा पूर्ण काढू नकोस, सावलीच्या बाजूला थोडा राहू दे. ढीगभर फोटो काळ्या-पांढऱ्यात जास्त चांगले दिसतील. हिरवं शेवाळ असलेले मात्र रंगीतच ठेव.

चादरीचे चार फोटो झाले की पाठव, रॉ फाइलच हव्यात, जेपीजी नकोत. आणि झिपलॉकच्या पिशव्या घेताना ७०-२०० लावलेला कॅमेरा आत मावतो का ते दुकानातच घालून बघ; बाजारात सहज मिळतात त्या लहान पडतात.