भाच्याने घातलेली शपथ

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा निफाडहून येऊन आमच्याकडे गंगापूर रोडला राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला परत आणतो. महिनाभर तो कॉलेजला गेलेलाच नाही, हे आता कळले. परवा त्याने स्वतःचे घड्याळ माझ्या मुलाला देऊन टाकले आणि ‘मावशी, माझा त्रास आता फार दिवस नाही’ असे म्हणाला. आईला सांगू नकोस, अशी शपथही घातली आहे. मी काय करावे? — एक मावशी, नाशिक

उत्तर : शपथ मोडावी, आणि तीही आजच, पण त्याच्या पाठीमागे नव्हे, तर ‘हे मी एकटीने पेलणार नाही, ताईला सांगणार आहे’ असे त्याला सांगून. आवडती वस्तू देऊन टाकणे आणि असे निरवानिरवीचे बोलणे हे आळसाचे लक्षण नाही. जवळ बसून, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारले म्हणून मुले मोकळी होतात. त्या वेळी एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या पेपरांचा, विषय मात्र काढू नये.

उत्तर ‘हो’ आले, किंवा तो नुसताच गप्प राहिला, तरी त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधे कुलुपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. आपल्याला त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, जवळ आहे. धोका तातडीचा वाटला तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नये. थेट अपघात विभागात न्यावे किंवा 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. काय करावे हे सुचेनासे झाले, तर 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. आपणही फोन करू शकता, तोही करू शकतो.

‘वातावरण बदलेल’ म्हणून त्याला गावी पाठवण्याचा आग्रह घरून होईल, तो निदान सध्या मानू नये. द्राक्षबागेच्या घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. म्हणून आईवडिलांनीच नाशिकला यावे, आणि पुढे कधी तो गावी गेलाच, तर फवारणीची औषधे ठेवलेल्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या घरी असावी. नावाला बट्टा लागेल ही भीती त्यांना वाटेल. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे, एवढे त्यांना सांगावे. नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत, आणि गोळ्या त्याच्या हाती न देता आपणच द्याव्यात.

घड्याळ आपल्या मुलाकडून घेऊन कपाटात ठेवावे, आणि ‘तुझेच आहे, मागशील तेव्हा देईन’ असे भाच्याला सांगावे.