घोड्याचा ‘ई.पी.एम.’ : शेजारच्या ठाणाला भीती नाही

प्रश्न : आम्ही अमेरिकेत केंटकी राज्यात राहतो. मुलीची घोडी महिन्याभरापासून मागच्या डाव्या पायात अडखळते आणि त्याच बाजूचा पुठ्ठा ओसरला आहे. डॉक्टरांनी ‘ई.पी.एम.’ (इक्वाइन प्रोटोझोअल मायलोएन्सेफलायटिस) हा मज्जारज्जूचा व मेंदूचा रोग सांगितला. तिला वेगळे बांधावे का? साताऱ्याजवळ भावाकडे दोन घोडे आहेत. त्यांना हा रोग होईल का?

उत्तर : वेगळे बांधू नये, एकट्या पडलेल्या घोडीचा जीव उगाच कासावीस होतो. हा रोग घोड्याकडून घोड्याला किंवा माणसाला लागत नाही. ‘सार्कोसिस्टिस न्यूरोना’ हा एकपेशीय परजीवी बहुतेक वेळा त्याला कारण असतो. ओपोसम या मांजराएवढ्या, पोटाला पिशवी असलेल्या निशाचर प्राण्याच्या विष्ठेतून तो चाऱ्यात किंवा पाण्यात येतो, आणि घोड्याच्या पोटातून मज्जारज्जूत किंवा मेंदूत पोहोचला की तोल जाणे, एकाच बाजूचे स्नायू झिजणे अशी लक्षणे दिसू लागतात. तुमच्याच केंटकीत 1960च्या दशकात हा विकार प्रथम ओळखला गेला. त्याच्या जंतूला नाव मात्र 1991 साली मिळाले.

केवळ रक्ततपासणीवर निदान झाले असेल, तर डॉक्टरांना पुन्हा विचारावे. तिकडच्या अनेक धडधाकट घोड्यांच्या रक्तातही या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, म्हणून रक्ताची मज्जाद्रवाशी (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाशी) तुलना करणे आणि मानेच्या मणक्यांचा दोष नाही ना, हे पाहणे अधिक भरवशाचे. घोडी चालत असताना शेपूट हलकेच बाजूला ओढून पाहतात. निरोगी जनावर लगेच सावरते, दुबळे त्या बाजूला झुकते. ही परीक्षा डॉक्टरांनाच करू द्यावी, कारण घोडी अंगावर पडू शकते. मुलीनेही तूर्त स्वारी करू नये.

पोनाझुरिल हे औषध साधारण 28 दिवस देतात. बहुतेक घोडी सुधारतात, पण सगळीच पूर्ववत होत नाहीत, आणि काहींना रोग पुन्हा उलटतो. चंदीचे पिंप घट्ट झाकणाचे ठेवा आणि जमिनीवर चारा टाकू नका. माझ्या मते एवढी शिस्त पाळली जात नाही, हीच खरी अडचण आहे.

भावाने या रोगाची काळजी करू नये, कारण आपल्याकडे ओपोसम नाही. मात्र भारतात ‘कुमरी’ नावाचा कमरेचा लुळेपणा घोड्यांत दिसतो. गाईगुरांच्या पोटात राहणाऱ्या सेटारिया कृमीच्या अळ्या डासांमार्फत घोड्याच्या अंगात शिरून मज्जारज्जूत भरकटतात, तेव्हा तो होतो. म्हणून गोठा आणि पागा एकमेकांना लागून असतील तर पावसाळ्यात संध्याकाळी धूर करावा आणि साचलेले पाणी काढून टाकावे.