बाटलीतला युरिया आणि ग्राफिनची स्कूटर: वाचकांचे प्रश्न

रसायनशास्त्रातल्या नव्या शोधांबद्दल पत्रे येतात, त्यांतला घोळ बहुतेक वेळा एकच असतो. शोध खरा असतो, पण त्याच्या नावावर दुकानात खपवली जाणारी वस्तू निराळी असते. म्हणून काही पत्रांना इथेच उत्तरे देतो.

खोलीच्या तापमानाला चालणारा अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडवत नाही असा पदार्थ, सापडला, आता वीजबिल निम्मे होणार, असा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरे का? (टिळकवाडी)

नाही. कोरियातल्या गटाने जुलै २०२३ मध्ये केलेला एलके-९९ नावाच्या अशाच पदार्थाचा दावा इतर प्रयोगशाळांत काही आठवड्यांतच कोसळला.

प्रदर्शनात हवेतून पाणी काढणारे यंत्र पाहिले. २०२५ च्या नोबेलचे तंत्रज्ञान आहे म्हणतात. आमची विहीर एप्रिलात आटते. घ्यावे का? (खानापूर तालुका)

ते नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना धातू-सेंद्रिय चौकटी नावाच्या पदार्थांसाठी मिळाले. या पदार्थांच्या आत इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की चमचाभर भुकटीतल्या भिंती उलगडल्या तर मोठे शेत झाकेल. त्यांतले काही पदार्थ कोरड्या हवेतलेही बाष्प रात्री धरतात आणि उन्हात सोडतात. वाळवंटातल्या चाचण्यांत एक किलो पदार्थामागे दिवसाला काही शे ग्रॅम पाणी मिळाले.

विक्रेत्याला एवढेच विचारा, आत कॉम्प्रेसर आहे का? असेल तर ते यंत्र फ्रीजसारखी हवा गार करून दव गोळा करते. असे यंत्र पावसाळ्यात भरपूर पाणी देईल आणि हवा कोरडी पडली की हात आखडता घेईल, म्हणजे नेमके तुमची विहीर आटते तेव्हा. पैसे गुंतवण्याआधी भूजल जाणणाऱ्याला विहीर दाखवा.

ऊस लागणीचा आहे, भरणी (बुंध्याला माती चढवणे) तोंडावर आली आहे. दुकानदार म्हणतो, पानांवर फवारायच्या नॅनो युरियाची एक बाटली म्हणजे साध्या युरियाचे एक पोते. बाटली घेतल्याशिवाय पोते देतही नाही. काय करावे? (निपाणी तालुका)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण इथे चूक झाली तर वर्षाचे पीक जाते.

आधी हिशेब करू. युरियाचे पोते ४५ किलोचे, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोंहून थोडे जास्त. बाजारात पहिल्यांदा आलेली नॅनो युरियाची बाटली ५०० मिलिची आणि ४ टक्क्यांची, म्हणजे नत्र २० ग्रॅम. मी घरच्या काट्यावर तेवढ्या नत्राचा साधा युरिया मोजून पाहिला. ४३ ग्रॅम भरला, एका मुठीत मावला. नव्या बाटलीवर २० टक्के लिहिलेले असेल, तरी नत्र १०० ग्रॅमच होते.

विक्रेते म्हणतात, कण सूक्ष्म आहेत, पान ते सगळे शोषते. समजा, सगळे शोषले. जमिनीत टाकलेल्या युरियातले निम्मे नत्र उडून आणि वाहून गेले असेही धरा. तरी पोत्यातले १० किलो उरतात. कण कितीही बारीक केला तरी २० ग्रॅमचे १० किलो होत नाहीत. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत नत्राची शिफारस केलेली मात्रा कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचे उत्पन्न २१ टक्क्यांच्या आसपास आणि भाताचे सुमारे १३ टक्के घटले. उत्पादकांना हा निष्कर्ष मान्य नाही. मला मात्र वरचा हिशेब पुरेसा वाटतो.

फवारणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पिकाला वरून थोडा आधार म्हणून ती चालते, पण उसासारख्या खादाड पिकात तिला पोत्याची जागा देणे मला पटत नाही. आणि पोत्याबरोबर बाटली माथी मारणे म्हणजे सरळ लिंकिंग, एका मालाबरोबर दुसऱ्याची सक्ती, आहे. पावती घ्या आणि कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात लेखी तक्रार द्या. खताची मात्रा माझ्या या उत्तरावरूनही ठरवू नका. माती परीक्षणाचा कागद घेऊन तुमच्या भागाच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, आणि याच आठवड्यात जा. भरणी कोणासाठी थांबत नाही.

‘ग्राफिन बॅटरी’ची स्वस्त स्कूटर घेतली. बॅटरी एका बाजूने फुगली आहे. पुढच्या महिन्यात दाखवली तर चालेल ना? (शहापूर)

नाही. आजच चार्जिंग बंद करा, गाडी घराबाहेर आणि जिन्यापासून लांब लावा, बॅटरी उघडू नका आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा. ग्राफिन हा २००४ मध्ये वेगळा केलेला कार्बनचा एक अणू जाडीचा थर. स्वस्त स्कूटरमध्ये या नावाखाली बऱ्याचदा जुनीच शिसे-आम्लाची बॅटरी असते, फक्त तिच्या प्लेटांत थोडा कार्बन मिसळलेला. बॅटरीवरचे लेबल वाचा. लिथियमची निघाली तर ती एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या भारतीय मानकानुसार तपासली आहे का, याचा कागद मागा. गल्लीत सेल बदलून देणाऱ्याकडे मात्र नेऊ नका.

आमच्या फाउंड्रीत कोअरसाठी (साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यासाठी) वाळू चिकटवणारा नवा अजैविक बाइंडर आणलाय. ओतकाम करताना वास नाही, धूर नाही. आता मास्क लागणार नाही ना? (उद्यमबाग)

लागणार. रेझिनचा धूर गेला ही चांगली गोष्ट आहे, पण वाळू तीच आहे. नॉकआउटच्या वेळी (साचा फोडताना) आणि फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करताना) उडणारी सिलिकाची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि फुफ्फुसात एकदा बसली की निघत नाही. या धुळीने होणारा सिलिकोसिस झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. कापडी रुमाल बांधून भागणार नाही, धूळ अडवणारा मास्क हवा आणि जागेवरच धूळ ओढून घेणारी व्यवस्था हवी. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की, जिना चढताना हल्ली दम लागतो. ते सहज सोडून देऊ नका. छातीच्या डॉक्टरांना या आठवड्यात भेटा आणि फाउंड्रीत किती वर्षे काम केले ते त्यांनी विचारायच्या आधी सांगा.