नाशिकमध्ये ऑक्टोबरात एकट्याने सायकलवर कुठे जावं? सोबत कोणी नसेल तर रिस्क आहे का?

तुम्ही लिहिलंय की नवीन हायब्रिड सायकल घेतलीय, ग्रुपबरोबर गेलं की मागे पडायला होतं आणि एकट्याने गावाबाहेर जायची धाकधूक वाटते. मी 46 वर्षांचा, अंबडला कंपनीत कामाला, रविवार सोडून सायकलला हात लागत नाही. 2015 साली आपल्या नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी दोघांच्या टीममध्ये अमेरिका आडवी पार करणारी ती रॅम रेस पूर्ण केली, साधारण 4800 किलोमीटर, त्यानंतर इथे ज्या लोकांनी उत्साहात सायकली घेतल्या त्यातला मी एक. बऱ्याच जणांच्या सायकलींवर आता टॉवेल वाळतात, माझी अजून चालतीय एवढंच.

तर गिरणारेला जा. गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वर, गोवर्धन, मग दुगाव आणि गिरणारे, जाऊन येऊन 40 च्या आसपास होतात. त्र्यंबक रोड मी सुट्टीच्या दिवशी टाळतो, अंजनेरीचा डोंगर समोर दिसत असतो म्हणून छान वाटतं पण मुंबईच्या गाड्या ज्या वेगाने दर्शनाला निघालेल्या असतात ते बघता नको.

आता खरी गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. हा रस्ता पश्चिमेला गंगापूर धरणाकडे जातो म्हणजे गोदावरीच्या उलट दिशेने, म्हणजे जाताना कळेल न कळेल असा चढ आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे जाताना चढही आणि तोंडावर वाराही, जीव जातो, पण येताना दोन्ही तुमच्या बाजूने. ऑक्टोबरात पाऊस गेला की वारा फिरतो आणि सकाळी पूर्वेकडून येतो. मग होतं काय की जाताना तो पाठीवर असतो, चढ जाणवतच नाही, मीटरवर 24-25चा स्पीड बघून वाटतं आज पाय काय चालतायत राव, अजून दहा किलोमीटर पुढे जाऊ, आणि परत फिरल्यावर तोच वारा छातीवर, वर ऊन, आणि पाणी संपलेलं. ग्रुपमध्ये असलं की कोणाच्या तरी मागे लपता येतं, एकटं असताना सगळा वारा आपणच खायचा. म्हणून परतीचा हिशोब धरूनच कुठून वळायचं ते ठरवा, जाताना कितीही भारी वाटलं तरी.

दुसरं उन्हाचं. सकाळी जाताना सूर्य तुमच्या पाठीशी, म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यात. तो ट्रॅक्टरला ओव्हरटेक करून तुमच्या बाजूला आला तर त्याला तुम्ही दिसणारच नाही. आणि येताना तुमच्या मागून येणाऱ्याच्या डोळ्यात तेच ऊन. म्हणून पुढचा मागचा दोन्ही लाईट दिवसाही चालू ठेवा. रिस्क विचाराल तर मला ही सगळ्यात मोठी वाटते, आनंदवल्लीची कुत्री त्या मानाने काहीच नाहीत. त्यांच्यासाठी खाली उतरायचं, सायकल मधे धरायची आणि चालत पुढे जायचं, ती कंटाळतात.

मागच्या रविवारी पावणेसहाला निघालो, अंधारच होता. गोवर्धन सोडल्यावर गर्दी कमी झाली आणि उजाडल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा. आत्ता गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू आहे म्हणून बागा अगदी उघड्याबोडक्या दिसतात, तारांवर नुसत्या काड्या, आणि बायामाणसं ओळीने उभी राहून काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत असतात, फुटवे एकसारखे निघावेत म्हणून. कुठे आधी छाटलेल्या प्लॉटला पोंगे, म्हणजे कोवळे कोंब, फुटलेले होते. गिरणारे गावात सकाळी मजुरांची मोठी गर्दी असते, पेठ-हरसूलकडून माणसं येतात, पिकअपवाले बोली लावून घेऊन जातात, आणि टोमॅटोचे क्रेट इकडून तिकडे. तिथे स्पीड कमी करा, रस्त्यावर चेंगरलेला टोमॅटो म्हणजे साबण आहे साबण. मी थोडं पुढे हरसूल रस्त्याला गेलो कारण तिकडे खुरासणी (तेलबियांचं पीक) फुललेली असते, उतारावर नागली आणि मधेच हा पिवळा पट्टा. दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. ग्रुपमध्ये कोणी थांबू देत नाही, चला चला करतात.

आणि तिथेच मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, कुंपणाच्या फांद्या ओढून नेतात त्यातले पडतात. ट्यूब होती, दोन मिनिटांत, बरं दहा मिनिटांत बदलली, पण पंप लावतो तर हवा जाईना. आदल्या आठवड्यात त्याच पंपाने पोराच्या सायकलमध्ये हवा भरलेली, त्याचा व्हॉल्व जाड, माझा बारीक, आणि पंपाच्या तोंडातला रबराचा तुकडा उलटा करून परत बसवायचा तो मी घरी टेबलावर ठेवलेला. बागेतून एक बाबा आले, सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "केवढ्याला पडली?" मी नेहमीप्रमाणे निम्मी किंमत सांगितली. तरी म्हणाले, "एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती की, ती ढकलत न्यायला तरी बरी." मग पाणी दिलं, आणि आभाळाकडे बघून म्हणाले आता पाऊस नको, पोंग्यात आला तर डाऊनी येतो, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.

दीड-दोन किलोमीटर ढकलत गिरणारेला आलो. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता पण त्याची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्वची, माझ्या व्हॉल्वला बसणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मनातल्या मनात बायकोला फोन करायची तयारी चाललेली. त्या पोराने काही न विचारता माझ्या व्हॉल्वची प्लास्टिकची टोपी घेतली, ब्लेडने तिचं टोक उडवलं, व्हॉल्वचा छोटा नट सैल केला, टोपी उलटी करून त्यावर फिरवली आणि नळी लावली. भरली हवा! म्हणाला, "रविवारी असल्या दोन-तीन येतातच दादा." दहा रुपये घेतले. नाशिकला सायकलच्या दुकानात यासाठी पितळी ॲडॉप्टर मिळतो, तो आता माझ्या व्हॉल्वलाच लावून ठेवलाय, तुमचा व्हॉल्व बारीक असेल तर तुम्हीही घ्या आणि घरी एकदा वापरून बघा.

बाकी दोन बाटल्या पाणी, एक जास्तीची ट्यूब, सुट्टे पैसे, आणि घरच्यांना लाईव्ह लोकेशन. साडेनऊनंतर ऑक्टोबरचं ऊन भाजतं म्हणून त्याआधी घरी या. मला नाही जमलं, वारा तोंडावर घेत सव्वादहाला पोचलो, म्हणजे पंक्चर, बाबा आणि खुरासणी धरून साडेचार तास. तुम्हाला आरामात तीन पुरतील.